क्वाडमधली पाचवी मुलगी

या महिन्याच्या टपालात रोइंगविषयीची तीन पत्रे आली : एक आईचे, एक प्रशिक्षकांचे आणि एक आजोबांचे. तिन्ही पत्रांतला तिढा एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची असून नववीत शिकते. गेली दोन वर्षे ती पुण्यातल्या एका बोट क्लबवर रोइंग करते. पहाटे पाचला तिला कधी हाक मारावी लागली नाही. गजर होण्याआधीच ती उठून बसलेली असे. गेल्या महिन्यात राज्य स्पर्धेसाठी चौघींच्या बोटीची, म्हणजे क्वाडची, निवड झाली. अर्गोमीटरवरच्या, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याच्या सरावयंत्रावरच्या, चाचणीत ती पाचवी आली आणि राखीव ठरली. तेव्हापासून तिला बोटीत बसवलेलेच नाही. ती धक्क्यावर बसून चौघींच्या पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळते. आता ती क्लबवर जायला टाळाटाळ करू लागली आहे. मी सरांशी बोलले तेव्हा "ही सहल नाही, आम्हाला टीम बनवायची असते" एवढेच उत्तर मिळाले. तिचे बाबा म्हणतात, करायचे तर जिद्दीने कर, नाही तर सोड आणि दहावीच्या अभ्यासाला लाग. या वयात इतकी चुरस असावी का? तिला दुसऱ्या एखाद्या खेळात घालावे का?
— एक आई, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातली चपलांची ओळ मी दोनदा वाचली. पाचवे येणे हा काही अन्याय नव्हे. चार जागा असल्या की कोणीतरी पाचवे असणारच, आणि चौदाव्या वर्षी हे पचवता येते. परंतु पाचवीला महिनाभर पाण्यावर न नेणे हा निवडीचा भागच नाही. ती क्लबच्या व्यवस्थेतली उणीव आहे. सर आणि आपण या दोन गोष्टी एकत्र करून बोललात, त्यामुळे बोलणे "चुरस की मजा" या वळणावर येऊन अडले. सरांना वाटले की आपण निवड सैल करायला सांगत आहात, आणि आपल्याला वाटले की निवड आहे म्हणूनच मुलगी काठावर बसली आहे.

मुलांना मजा कशात वाटते याविषयी आपणा मोठ्यांचा अंदाज बहुधा चुकतो. अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी काही वर्षांपूर्वी फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींकडूनच याची यादी करून घेतली, तेव्हा ८१ गोष्टी निघाल्या. त्यांच्या क्रमवारीत "जिंकणे" ४८ व्या स्थानावर होते. अगदी वरच्या भागात होते ते जीव तोडून खेळणे, संघातल्यांनी एकमेकांना सांभाळून घेणे आणि प्रशिक्षकाने नीट वागवणे. यातले जीव तोडून खेळणे मी मुद्दाम आधी लिहिले, कारण "मुलांना मजा येऊ द्या" म्हणणाऱ्या पालकांच्या मनात पुष्कळदा सौम्य केलेला सराव असतो आणि मुलांना तो नको असतो. आपली मुलगी गजराच्या आधी उठत होती ती आरामासाठी खचितच नाही.

आता त्या चाचणीविषयी. अर्गोमीटर, थोडक्यात अर्ग, हे उपयोगी यंत्र आहे. दम किती आहे आणि पाय किती जोराने ढकलतात, हे ते दर ५०० मीटरला लागणाऱ्या वेळाच्या आकड्यात स्वच्छ दाखवते. पण ते जमिनीवर असते. उंच आणि भरलेल्या अंगाच्या मुलीचे वजन त्याला वाहून न्यावे लागत नाही. पाण्यावर तेच वजन बोटीला खोल बसवते. अर्गवर वल्हे पाण्यात रुतून "क्रॅब" होत नाही, बोट कलत नाही, आणि समोरच्या मुलीच्या पाठीकडे पाहत तिच्या तालात वल्हे पाण्यात घालायचे व काढायचे असा प्रश्नच येत नाही. क्वाड ही रिकामी असताना साधारण ५२ किलोची बोट, आणि तिच्यात बसणाऱ्या चौघी मिळून दोनशे किलोच्या आसपास. एकीने वल्ह्याची मूठ दोन इंच वर धरली तरी बाकी तिघींच्या हाताला ते कळते. ही जाण अर्गच्या पडद्यावर उमटत नाही. शिवाय मुलींची उंची एकाच वयात वाढत नाही. कोणाची बाराव्या वर्षीच झपाट्याने वाढून थांबत आलेली असते, तर कोणाची चौदाव्या वर्षी अजून वाढत असते, आणि एका वर्गातल्या दोन मुलींत शरीराच्या दृष्टीने दोन वर्षांचे अंतर असू शकते. त्यामुळे या वयातला पाचवा क्रमांक हा या महिन्यातला पाचवा क्रमांक एवढेच समजावे.

पाण्यावरची निवड कशी करतात, हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे सरांशी बोलताना उपयोग होईल. तिला सीट रेसिंग म्हणतात. दोन सारख्या बोटी शेजारी-शेजारी ठरावीक अंतर जातात. समजा, "अ" बोट तीन सेकंदांनी पुढे आली. मग दोन्ही बोटी एकमेकींना लागतात आणि "अ"मधली एक व "ब"मधली एक अशा दोन मुली तिथेच, पाण्यावरच, जागा बदलतात. बाकी कोणी हलत नाही. तेवढेच अंतर पुन्हा. या वेळी "ब" बोट एका सेकंदाने जिंकली, तर निकाल चार सेकंदांनी फिरला, आणि तो जिच्या येण्याने फिरला तिच्या बाजूने कौल जातो. पद्धत दिसायला निर्दोष आहे, पण तिच्यातही वारा आडवा येतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीला दमलेले हात आडवे येतात, आणि खरे सांगायचे तर मैत्रीही आडवी येते. नावडती मुलगी बोटीत आली की बाकीच्या कळत-नकळत वल्हे हलके ओढतात. म्हणून अनुभवी प्रशिक्षक अर्ग, सीट रेसिंग आणि वर्षभराची हजेरी असे तिन्ही पाहतात. एकट्या अर्गवर चौदा वर्षांच्या मुलींची बोट ठरवणे हे वजनकाट्यावर पैलवान निवडण्यासारखे आहे.

तिच्या बाबांच्या वाक्याविषयी एक उदाहरण देतो, तेही आपल्याच राज्यातले. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी वल्हे पहिल्यांदा हातात धरले ते २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर, वयाची विशी ओलांडल्यानंतर. चार वर्षांनी ते रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे दोन वल्ह्यांच्या एकट्याच्या बोटीत, तेरावे आले. पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, पालेम्बांगला, त्यांना सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत सहावे, म्हणजे शेवटचे, यावे लागले. आणि दुसऱ्याच दिवशी स्वर्णसिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह क्वाडमध्ये त्यांनी सुवर्ण मिळवले. सगळ्यांनी एकविसाव्या वर्षी सुरुवात करावी असे मला सुचवायचे नाही. पण चौदाव्या वर्षी गाडी सुटत नाही, हे तिच्या बाबांना सांगायला हे पुरेसे आहे. "जिद्दीने कर, नाही तर सोड" या दोन टोकांमध्ये या वयाच्या बहुतेक मुली राहतात आणि तिथे त्यांचे बरे चालते.

आधी मुलीशी बोलावे, आणि तेही समोरासमोर बसवून नव्हे. स्कूटरवर मागे बसलेली मुले अधिक मोकळी बोलतात. तिला नेमके काय लागले ते विचारावे : नाव न लागणे, की मैत्रिणी पाण्यावर आणि आपण काठावर असणे? ही दोन दुखणी वेगळी आहेत. पहिले आपोआप ओसरते, किंवा त्यातूनच पुढची तयारी सुरू होते. दुसरे ओसरत नाही, कारण ते रोज पहाटे नव्याने होते. मी सोळा वर्षांचा असताना एका निवडीत माझे नाव फळ्यावर नव्हते. कोणी काही सांगितले नाही, मी फळा वाचून सायकल वळवली. नाव नव्हते याचे दुःख आठवडाभर टिकले. त्यानंतर महिनाभर बोटी उचलून धक्क्यापर्यंत नेऊन द्यायच्या आणि परत फिरायचे, हे मात्र आजही आठवते.

मग सरांना भेटावे, पण "माझी मुलगी का नाही" हा प्रश्न घरीच ठेवून जावे. आठवड्यातले किती दिवस ती पाण्यावर असेल आणि पुढच्या निवडीपर्यंत तिने काय सुधारायचे, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. राखीव मुलीला सिंगल स्कल देता येते, दोघींच्या डबल बोटीत दुसऱ्या एखादीबरोबर बसवता येते, आणि आठवड्यातून दोनदा क्वाडमध्ये आळीपाळीने प्रत्येकीच्या जागी घेता येते. यात उपकार काही नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चौघींतली एक तापाने पडली तर महिनाभर बोटीत न बसलेली राखीव मुलगी त्यांच्याही कामाची नसते. एवढे सांगूनही ती काठावरच राहणार असेल, तर क्लब बदलावा. पुण्यात त्यासाठी खेळ बदलण्याची गरज नाही. दुसऱ्या खेळाचा विषय तिने स्वतः काढला तरच काढावा.

प्रश्न : मी नाशिकमध्ये शालेय व कनिष्ठ गटाच्या मुलांना रोइंग शिकवतो. सर्वांत वेगवान मुले निवडली की उरलेल्यांचे पालक फोन करतात. सगळ्यांना आळीपाळीने संधी दिली की आम्ही हरतो आणि मग निवडलेल्यांचे पालक फोन करतात. त्यातच पाणवेलींमुळे कित्येक दिवस पाणी बंद असते आणि बोटी मोजक्या. स्पर्धा आणि आनंद यांचा मेळ कसा घालावा?
— एक प्रशिक्षक, नाशिक

उत्तर : पालकांच्या फोनमागे नेहमी आनंदाचा प्रश्न असतो असे समजू नये. दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांचे गणित अनेक घरांत मुलगा पहिल्यांदा बोटीत बसण्याआधीच मांडलेले असते. त्यात गैर काही नाही, पण त्या गणितावर बोट ठरवायची नसते, आणि हे वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत आपण स्वतःच बोलून टाकावे. फोनवर एकेकाला समजावत बसण्यापेक्षा ते सोपे जाते.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की राज्य स्पर्धेच्या बोटीत सर्वांत वेगवान चार मुलेच बसवावीत. दयेपोटी दिलेली जागा घेणाऱ्यालाही कळते, आणि बाकीच्या तिघांनीही वर्षभर घाम गाळलेला असतो. आळीपाळी सरावात आणि क्लबच्या आपापसातल्या शर्यतींत करावी. चूक होते ती बहुधा दोन्ही दिवसांना एकच नियम लावल्यामुळे : वर्षभर रोजची सकाळ ही निवड चाचणी, नाही तर स्पर्धेच्या दिवशीही सर्वांना समान संधी. वर्षातले निवडीचे दिवस आधी जाहीर करावेत, दोन किंवा तीन. चाचणी कशी घेणार, हजेरीला किती महत्त्व देणार, तेही लिहून लावावे. उरलेले दिवस शिकण्याचे. मुलाला ज्या सकाळी आपण मोजले जात नाही हे ठाऊक असते, त्याच सकाळी तो नवीन ताल, नवी पकड करून पाहतो आणि पाण्यात पडायलाही तयार होतो. रोज मोजला जाणारा मुलगा जे येते तेच घट्ट धरून बसतो, आणि हे शेवटी आपल्याच वेगाच्या मुळावर येते.

१३ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मी अधिक ताणून सांगेन की बोटी वेगाच्या क्रमाने लावूच नयेत. नॉर्वेमध्ये १९८७ पासून मुलांच्या खेळातील हक्कांची नियमावली आहे. ११ व्या वर्षाआधी निकालांच्या क्रमवाऱ्या लावत नाहीत आणि १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मुले उतरत नाहीत. साधारण ५५ लाखांच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके मिळवली. तिथला बर्फ आणि पैसा आपल्याकडे नाही, आणि केवळ नियमावलीमुळे पदके आली असेही मी म्हणणार नाही. पण लहानपणी क्रमवारी लावली नाही तर मोठेपणी चुरस राहत नाही, ही भीती त्यामुळे निराधार ठरते.

बोटी कमी असणे हीच आपली खरी अडचण आहे, आणि तिचा निवडीशी संबंध जोडू नये. पाणवेली आल्या की अर्ग आणि पळणे. पाणी मोकळे झाले की वेळापत्रकात प्रत्येक मुलाच्या नावापुढे बोटीतले दिवस लिहिलेले असावेत. मी तर म्हणेन, महिन्याच्या शेवटी तो आकडा मोजावा. निवडलेल्या मुलाचे वीस दिवस आणि न निवडलेल्याचे तीन, असा हिशेब निघाला तर त्या मुलाने खेळ का सोडला हे विचारायला नको. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (२०२२ पासून ते विद्यापीठ आहे), संगमाजवळच्या बोट क्लबवर, १९२८ पासूनची परंपरा आहे; तिथल्या वार्षिक रेगाटामध्ये शर्यतींबरोबर होड्यांच्या रचना आणि मशालींचे कार्यक्रमही होतात. शर्यतीच्या बोटीत नसलेल्यालाही त्या संध्याकाळी वल्हे धरून पाण्यावर जाता येते आणि काठावर त्याच्या घरचे लोक असतात. आपल्याकडे तेवढा थाट नको. वर्षातून एक रविवार, ज्येष्ठ व कनिष्ठ मुलांच्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या मिश्र बोटी आणि ५०० मीटरच्या शर्यती एवढे पुरे. चिठ्ठीने राज्य विजेत्याच्या मागे सहावीतला मुलगा बसतो, आणि त्या मुलाला पुढचे सहा महिने पुरतात.

निकाल मात्र फळ्यावर लावून निघून जाऊ नये. वगळलेल्या प्रत्येक मुलाला आधी बाजूला घेऊन स्वतः सांगावे, कारण सांगावे, आणि त्यात त्याच्या हातात असलेली निदान एक गोष्ट असावी. "तुझी उंची कमी पडते" यावर मूल काहीच करू शकत नाही. "वल्हे पाण्यात जाताना तू घाई करतोस" यावर करू शकते. आणि वजनाविषयी बोलायचेच नाही. कमी वजनाच्या खेळाडूंचा लाइटवेट गट पॅरिसच्या २०२४ च्या स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून गेला आहे. "दोन किलो उतरव, मग बसवतो" हे वाढत्या मुलाला सांगणे तेव्हाही घातक होते, आता तर त्याला ती सबबही उरलेली नाही.

प्रश्न : आमच्या सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, त्यामुळे वल्ह्याचे वेड घराण्यातच आहे. नातू पुण्यात शिकतो, वय १५. उंची कमी असल्याने त्याला "तू कॉक्स हो", म्हणजे वल्ह्याऐवजी सुकाणू धर, असे सांगितले आहे. तो म्हणतो, आजोबा, मला वल्हे नाही, नुसते ओरडायचे काम दिले. हा त्याचा अपमान समजावा काय?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, अपमान नाही, पण त्याला न विचारता ठरवले असेल तर चूक आहे. बोटीत वल्हवणारे सगळे पाठमोरे जातात, पुढचे पाणी त्यांना दिसत नाही. ते दिसते फक्त कॉक्सला. आठ जणांची बोट १७ मीटरहूनही लांब असते. तिचे सुकाणू धरणे, शर्यतीचा डाव सांगणे, कोणाचा ताल चुकतो ते पकडणे ही सगळी कामे त्याची, आणि पदक मिळाले तर तेही बरोबरीचे : २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या आठ जणांच्या बोटीला रौप्य मिळाले, तेव्हा नववे पदक कॉक्स धनंजय उत्तम पांडे यांच्या गळ्यात होते. मोठ्या स्पर्धांमध्ये कॉक्सचे किमान वजन ५५ किलो धरलेले असते आणि कमी पडले तर बोटीत वजन ठेवून भरून काढतात, तेव्हा नातवाने कॉक्स राहण्यासाठी पोट मारायचे काहीच कारण नाही.

पण तो पंधराचा आहे. मुलगे या वयानंतरही दोन-तीन वर्षे उंच होतात, आणि आज ज्याला कायमचा कॉक्स ठरवले तो सतराव्या वर्षी सहा फुटांचा झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून क्लबला एवढेच सांगावे की आठवड्यातले दोन दिवस त्याला सिंगल स्कलमध्ये वल्हवू द्यावे. चांगल्या कॉक्सलाही त्याचा उपयोग होतो. ज्याचे स्वतःचे हात दुखले आहेत, त्याचे ओरडणे बोटीतल्यांना पटते. तीन महिन्यांनी त्यालाच विचारावे, आणि त्याने वल्हेच मागितले तर ते द्यावे, मग त्या बोटीचा वेग काहीही असो.